टँकर आणि ऊस एकाच शिवारात का दिसतात?

दर उन्हाळ्यात दोन फोटो शेजारी शेजारी छापून येतात. एकात टँकरभोवती हंड्यांची रांग, दुसऱ्यात त्याच तालुक्यातला हिरवागार ऊस. मग वाद पेटतो. कोणी शेतकऱ्याला हावरट म्हणतं, कोणी कारखानदारांना दोष देतं, कोणी सरकारला. कोड्याचं उत्तर मात्र फार जुनं आहे आणि ते एकट्या कोणाच्या स्वभावात सापडत नाही. कोणत्या जमिनीचा कशासाठी उपयोग होतो याला भूगोलात भूवापर म्हणतात. पाऊस, माती, बाजारापासूनचं अंतर, आणि पीक विकलं जाण्याची खात्री या चार गोष्टींवर तो ठरतो. प्रत्येक मोठ्या कृषिक्रांतीने या चौघांतलं पारडं बदललं. उसाच्या निमित्ताने हे नीट पाहता येतं.

आधी पाऊस, मग माती

अरबी समुद्राकडून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात आणि तिथेच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण-खटावकडे, तो पाचशेच्या आसपास येतो. हा पर्जन्यछायेचा पट्टा नाशिक, अहिल्यानगर, पुण्याच्या पूर्वेकडचे तालुके, सोलापूर, बीड, धाराशिव, सांगलीचा पूर्व भाग असा पसरलेला आहे.

या पट्ट्याने पाचशे मिलिमीटरवर जगायची एक पद्धत शतकानुशतकं बसवली होती. हलक्या माळरानावर खरिपात बाजरी, मटकी, हुलगा. खोल काळ्या रानात मात्र पावसाळाभर पेरायचंच नाही, फक्त कुळवाच्या पाळ्या घालून पाणी मुरू द्यायचं, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायची. पुढचे चार महिने पीक मातीत साठलेल्या ओलीवर येतं. ओल उडते ती भेगांतून, कारण काळी माती सुकली की हातभर उलते. म्हणून कोळपं घालून भेगा बुजवायच्या. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात ते यासाठीच. मालदांडी ही शाळूची जात या पट्ट्यात टिकली, कारण तिला वरून पाणी लागत नाही आणि धान्याइतकाच मोलाचा कडबा ती देते.

सातबाऱ्यावर जिरायत आणि बागायत असे जे दोन शब्द दिसतात, त्यांच्यातली रेघ इथे आहे. पावसाच्या भरवशावरची जमीन जिरायत, विहीर, पाट किंवा नदीचं पाणी मिळणारी बागायत. आजही राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याला पाणी मिळतं.

तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट

माणूस शिकार आणि कंदमुळं सोडून पेरायला लागला ती पहिली कृषिक्रांती. महाराष्ट्रात तिचा उत्तम पुरावा शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला मिळाला. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून पुढे बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. जोर्वे या ताम्रपाषाण काळातल्या संस्कृतीच्या या गावात इसवी सनपूर्व 1400 च्या सुमारास लोक जव पिकवत होते. जव हे रब्बीचं पीक, त्याला थोडं पाणी हवं. त्यासाठी नदीचं पुराचं पाणी वळवणारा चर आणि त्याला लागून दगडमातीचा बांध गावकऱ्यांनी बांधला होता.

इसवी सनपूर्व 1000 नंतर हवामान कोरडं होत गेलं. तसं गाव बदललं. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी झाली, शेळ्या-मेंढ्यांवर भर आला, लोक अर्धे भटके झाले. पाणी घटलं आणि भूवापर बदलला, इतकं ते सरळ होतं. पाणी घटल्यावरही पीक न बदलण्याची सोय त्या लोकांकडे नव्हती. ती सोय फार नंतर आली, आणि आजच्या अडचणीचं मूळ तिथेच आहे.

कालवे दुष्काळासाठी खणले, पाणी उसाला गेलं

युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जी दुसरी कृषिक्रांती झाली, ती पिकांची फेरपालट, सुधारित अवजारं आणि रेल्वेने जोडलेला दूरचा बाजार यांची होती. दख्खनमध्ये तिचा परिणाम पोचला तो रेल्वे आणि कालव्यांतून.

1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने पर्जन्यछायेत कालव्यांची कामं वाढवली. नीरा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला. पुढे गोदावरीचे कालवे आले, आणि प्रवरेवर भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. हेतू होता ज्वारी-बाजरी वाचवण्याचा. पण हिशेब बसेना. पाऊस बरा झाला की काळ्या रानातल्या ज्वारीला पाटाचं पाणी नकोच असतं, मग शेतकरी पाणीपट्टी कशाला भरेल? दुष्काळाच्या वर्षी सगळे एकदम पाणी मागणार आणि इतर वर्षी कालवा रिकामा वाहणार. खर्च भरून निघण्यासाठी दरवर्षी, बाराही महिने पाणी घेणारं गिऱ्हाईक हवं होतं. ते ऊस होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आखली. ठरावीक गटाला काही वर्षं पाण्याची हमी द्यायची, पण गटातल्या साधारण एक तृतीयांश जमिनीवरच ऊस घ्यायचा आणि बाकीच्यावर हलकी पिकं फिरवायची, अशी ती कल्पना. पाणी अनेक गावांत थोडं थोडं पोचावं हा तिचा गाभा होता. हमी टिकली आणि वाढली. मर्यादा मात्र पुढे सैल पडली. माझ्या मते या सबंध इतिहासातलं सर्वांत महाग पडलेलं वळण हेच.

बाजार किती दूर, यावर पीक ठरतं

योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन नावाच्या जर्मन जमीनदाराने 1826 मध्ये एक साधा नियम मांडला. पिकाची किंमत वजा पिकवण्याचा खर्च वजा बाजारापर्यंत नेण्याचा खर्च, जे उरतं ती त्या जागेची कमाई, आणि ज्या पिकाची कमाई जास्त ते पीक त्या जागेवर येतं. म्हणून शहराभोवती कडी तयार होतात. सगळ्यांत जवळ दूध आणि भाजीपाला, कारण ते नासतात. मग सरपणाचं जंगल, कारण लाकूड जड. मग धान्य, कारण ते टिकतं. सगळ्यांत लांब गुरं, कारण ती स्वतःच्या पायांनी बाजारात येतात.

मुंबईभोवती ही कडी स्पष्ट दिसायची. वसईची भाजी, केळी आणि फुलं लोकलने शहरात येत. म्हशींचे तबेले तर शहरातच होते, ते हलवण्यासाठी 1949 मध्ये आरे दूध वसाहत झाली. पुढे शीतकरण आणि टँकर आले, दूध शेकडो किलोमीटरवरून येऊ लागलं, आणि त्या पिकांची कडी विरली.

उसाची कडी मात्र विरू शकत नाही. तोडल्यावर उसातल्या साखरेचं विघटन सुरू होतं आणि त्यातून होणाऱ्या ग्लुकोज-फ्रुक्टोजचे स्फटिक बनत नाहीत, म्हणजे ती साखर पोत्यात येत नाही. वजनही घटतं. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो 24 तासांत गाळायचा असतो. शिवाय 100 किलो उसातून साखर निघते 10-11 किलो. या टक्केवारीला उतारा म्हणतात. बाकी पाणी, बगॅस (चिपाड), मळी. एवढं वजन लांब नेणं परवडत नाही, म्हणून कारखाना शेताजवळ यावा लागतो. आला की त्याच्याभोवती 25-30 किलोमीटरचं उसाचं कडं आपोआप तयार होतं. गुळाचं असं नव्हतं. गूळ टिकतो, म्हणून ज्या गावात थोडा ऊस त्या गावात एक गुऱ्हाळ पुरत असे आणि ऊस विखुरलेला राही.

1932 मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि कालव्यांवर खासगी कारखाने वाढले. सासवडचे माळी पाटाच्या पाण्यामागोमाग अकलूजकडे गेले आणि त्यांनी माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. मग 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सावकार आणि दलालांच्या हातून सुटलेल्या शेतकऱ्यांसाठी ही खरोखर मोठी गोष्ट होती. शाळा, दवाखाने, रस्ते त्या पैशातून झाले.

पण कारखान्याची भूक बघा. रोज 5,000 टन गाळणारा कारखाना 120 दिवस चालायचा तर 6 लाख टन ऊस लागतो. एकरी 40 टन धरले तरी ते 15,000 एकर झाले, दरवर्षी. यंत्रं उभी राहिली की कर्जाचे हप्ते सुरू होतात, त्यामुळे पाऊस कसाही झाला तरी कारखान्याला ते 15,000 एकर मिळवावेच लागतात. मग बेण्यासाठी उधारी, खतं, उपसा सिंचन योजनांना मदत, सोसायटीचं पीककर्ज. दोन कारखान्यांत किमान हवाई अंतर असावं असा नियम आहे (देशात 15 किलोमीटर, महाराष्ट्रात 25), तो याच भुकेमुळे करावा लागला.

या कड्याला बाहेरचीही एक बाजू आहे. तोडणीला माणसं लागतात, ती येतात बीडसारख्या जिरायती जिल्ह्यांतून. एकच खरीप पीक, मग ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहून तोडणी. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत टनावर मजुरी. एका तालुक्यातली बागायत दुसऱ्या तालुक्यातल्या जिरायतीच्या हातांवर उभी आहे.

हरितक्रांतीने उसाला काय दिलं?

1960 च्या दशकातली तिसरी क्रांती म्हटली की पंजाबचा गहू आठवतो. महाराष्ट्रात तिचं रूप वेगळं होतं. सीएसएच-1 ही देशातली पहिली संकरित ज्वारी 1964 मध्ये आली. खरिपात उत्पन्न वाढलं, पण धाट बुटकं, म्हणून कडबा कमी. कापणीच्या वेळी पाऊस लागला की कणसं काळी पडत आणि भाव पडे. तिकडे रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, ताटातली भाकरी कमी झाली. विदर्भ-मराठवाड्यात ज्वारीची बरीच जागा पुढे सोयाबीनने घेतली, कारण ते साधारण शंभर दिवसांत निघतं आणि तेल गिरण्या ते विकत घेतात.

उसाच्या दृष्टीने या क्रांतीतली निर्णायक वस्तू बियाणं नव्हती, पंप होता. आधी इलेक्ट्रिक मोटर, 1972 च्या दुष्काळानंतर वाढत गेलेले बोअर. कालव्याचं पाणी किमान दिसतं, मोजता येतं. बोअरचं पाणी ज्याचं त्याचं. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनीच्या पाण्याने भीमाकाठ बागायती झालाच, पण सोलापुरात कालव्यापासून लांबही ऊस वाढला तो विहिरी आणि बोअरवर. पाणी घटलं तरी पीक न बदलण्याची जी सोय इनामगावकरांकडे नव्हती, ती पंपाने दिली.

हिशेब एका एकराचा

जानेवारीच्या सुमारास लावलेल्या बारा महिन्यांच्या उसाला, म्हणजे ‘सुरू’ला, साधारण 2,500 मिलिमीटर पाणी लागतं. एका एकरावर ते होतं सुमारे 1 कोटी लिटर. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या सोळा-अठरा महिन्यांच्या अडसालीला आणखी जास्त. उपयोगी पडलेला पाऊस वजा केला तरी 80 लाख लिटर वरून द्यावे लागतील असं धरू.

आता जमिनीखाली बघू. दख्खनचा खडक काळा पाषाण. तो पाण्याने भरलेला तलाव नसतो. माठात गच्च गोटे भरून वर पाणी ओतलं तर ते जेवढ्या फटींत मावेल, तेवढंच पाणी त्याच्या भेगांत आणि मुरमात असतं, आणि त्यातलंही विहिरीत उतरतं ते खडकाच्या आकारमानाच्या दोनेक टक्के. म्हणजे एका एकराखालची पाण्याची पातळी 1 मीटरने खाली गेली तर हाती येतं सुमारे 81,000 लिटर. त्या हिशेबाने एक एकर ऊस केवळ भूजलावर पिकवायचा तर 100 एकरांखालची पातळी मीटरभर खाली जाते. दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरतं, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल, पण प्रमाण हेच. गावातल्या वीस जणांच्या उसाने बाकीच्यांच्या पिण्याच्या विहिरी का आटतात, ते यातून कळतं.

केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नोंदवलेलं आहे की राज्याच्या पीकक्षेत्रात उसाचा वाटा जेमतेम 4 टक्के, आणि सिंचनाच्या पाण्यात सुमारे 70 टक्के.

हा शेतकऱ्याचा हावरटपणा नाही का?

त्याच्या जागी बसून आकडे मांडा. तोडणी-वाहतूक कापून टनाला 2,500 रुपये हातात आले आणि एकरी 40 टन निघाला, तर 1 लाख रुपये. शाळू एकरी 6 क्विंटल, भाव 3,500, म्हणजे 21,000 आणि वर कडबा. दर लिटर पाण्यामागे शाळू कितीतरी फायद्याचा, पण लिटरला किंमतच लागत नाही. पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर लागते, आणि 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला राज्यात वीज मोफत आहे. शेतकऱ्याला टंचाई असते ती एकराची, म्हणून तो एकराचा हिशेब करतो.

त्याहून मोठं कारण खात्रीचं. उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे, त्याला एफआरपी म्हणतात. 2025-26 साठी तो 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये आहे. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज, असा नियम आहे. पैसे थकतात, आंदोलनं होतात, तरी दर पडून शून्यावर येत नाही. गारपिटीत द्राक्षबाग झोपते, कांदा चाळीत सडतो किंवा निर्यातबंदीने मातीमोल होतो. ऊस उभा राहतो. अगदीच पाणी संपलं तर चारा छावणीला विकता येतो.

कोल्हापूरलाही ऊस आहे, तिथे का ओरड नाही?

कारण तिथे पाऊस भरपूर, पंचगंगा-भोगावतीसारख्या नद्या वाहत्या, हवा मानवणारी, उतारा 12 टक्क्यांच्या आसपास. तिथला ऊस आपल्या जागी आहे. तिथलं दुखणं वेगळं. शिरोळ आणि शेजारच्या सांगलीतल्या मिरज, वाळवा भागात खोल काळ्या रानात वर्षानुवर्षं पाट मोकळा सोडल्याने पाणी वर चढलं, त्याबरोबर क्षार आले आणि जमिनी क्षारपड झाल्या. उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसतो, पुढच्या टप्प्यात चोपण झालेलं रान ओलं असताना चिकट आणि वाळल्यावर दगडासारखं. उपाय म्हणजे मीटर-दीड मीटर खोल सच्छिद्र पाइप टाकून निचरा करायचा, चोपणाला जिप्सम द्यायचं. एकट्या शेतकऱ्याने पाइप टाकून भागत नाही, कारण पाणी शेवटी नाल्यात सोडावं लागतं आणि नाल्यापर्यंत शेजाऱ्यांची रानं असतात.

ठिबक केलं की प्रश्न मिटेल ना?

शेतापुरता बराच मिटतो. पाच फुटी सरी, प्रत्येक ओळीला इनलाइन नळी, खत पाण्यातून, असं केलं की पाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास बचत होते आणि उत्पन्न वाढतं. नळ्या क्षारांनी तुंबतात, म्हणून फिल्टर आणि आम्ल प्रक्रिया चुकवून चालत नाही. 2017 मध्ये राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णयही घेतला.

शिवाराचं गणित वेगळं. दोन एकरांचं पाणी वाचलं की तिसऱ्या एकरात ऊस लागतो. धरणातून किंवा बोअरमधून उपसा तेवढाच राहतो. क्षेत्रावर मर्यादा असेल तरच वाचलेलं पाणी शेजारच्या विहिरीत दिसतं.

मग बंदीच का घालत नाही?

वरून घातलेली बंदी टिकत नाही, कारण ज्याच्या रानात पीक उभं आहे त्याचं कर्ज आणि कारखान्याचं कर्ज दोन्ही त्यावर आहे. गावाने स्वतः घातलेली मर्यादा मात्र टिकल्याची उदाहरणं आहेत. धुळे जिल्ह्यात पांझरा-कान नद्यांवर जुनी फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस एकाच फडात, पुढच्या वर्षी फड बदलायचा. पाणी देण्याचं काम शेताच्या मालकाने करायचं नाही, नेमलेल्या पाटकऱ्याने करायचं. पुरंदरला विलासराव साळुंखे यांनी 1970 च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर न देता माणशी अर्ध्या एकरापुरतं द्यायचं, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. हिवरे बाजारने ऊस, केळी आणि शेतीसाठीचे बोअर ग्रामसभेतून बंद केले.

या गावांनी पाण्याची बाजू सांभाळली. खात्रीची बाजू गावाच्या हातात नसते. सोयाबीन आणि तुरीलाही हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र उशिरा उघडतं, नोंदणीची मुदत संपते, बारदाना नसतो. सोयाबीनमध्ये 12 टक्क्यांपेक्षा जास्त ओल निघाली की माल परत पाठवतात. 2024 मध्ये ओरड झाल्यावर ती मर्यादा त्या हंगामापुरती 15 टक्क्यांवर नेली. काढणीला पाऊस लागलेलं सोयाबीन घरी वाळवायला जागा नसलेला शेतकरी ते त्याच दिवशी व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली देऊन टाकतो, आणि पुढच्या जानेवारीत विहिरीला पाणी दिसलं की त्या रानात उसाचं बेणं पडतं.